सगळ्यांनाच ताप

"मग सांगा ना बाई, अशा पोरीला ठेवायचं की काढून टाकायचं?"

प्रफुल्ला साळवे शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाची मेट्रन. सगुणाबाईंच्या हाताखाली नर्सिंग शिकलेली. बाई निवृत्त होऊन डोंगरावरच्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या, तरी काही अडलं की ती त्यांच्याकडेच धाव घेई. आज मात्र विचारायला कमी आणि होकार घ्यायलाच जास्त आली होती.

"केलं काय तिने?"

"वॉर्डातल्या त्या नर्सचं, वैजयंताचं म्हणजे सब घोडे बारा टक्के! आजोबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, तर ही नेमकी डाव्याच कानाशी बोलते. एकादशी धरलेल्या बाईपुढे उकडलेलं अंडं ठेवते. माणूस बघून सेवा करावी, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं खरं... किती पेशंट तिच्याकडे?"

"तीस. जोडीची नर्स नोकरी सोडून गेली, तिचेही हिच्याकडेच आलेत."

"जेवते कुठे?"

"जेवते... उभ्या उभ्या."

"आणि बसते?"

"स्टूल होतं. मीच उचलायला लावलं. स्टूल दिसलं की पोरी बसतात."



बाईंनी मेथीच्या चार जुड्या तिच्या पुढ्यात टाकल्या. "हौदावर धुवून आण. माती राहता कामा नये."

पौषातली सकाळ होती. मेट्रन झाली म्हणून काय झालं, बाईंपुढे ती अजून विद्यार्थिनीच. मुकाट्याने पदर खोचून गेली. पाणी म्हणजे नुसता बर्फ, आणि माती काही सुटता सुटेना. परत आली तेव्हा बोटं लालबुंद झाली होती.

"आता ओसरीवर तिघं बसलेत, त्यांची कपाळं बघ. ताप कुणाला आहे ते सांग."

प्रफुल्लाला हसूच आलं. थर्मामीटरच्या आधी ताप ओळखणारा हात, असा तिचा वॉर्डात लौकिक होता.

गेली तशी आली. "तिघांनाही आहे, बाई. चांगले फणफणलेत."

बाईंनी थर्मामीटर पुढे केला.

ताप होता फक्त मधल्या आजींना. बाकीचे दोघे ठणठणीत. त्यातले एक आजोबा कपाळ चोळत म्हणाले, "पोरी, हात आहे की बर्फाची लादी?"

प्रफुल्लाचा चेहरा पडला. "हात गारठले होते हो माझे! त्या पाण्यातून उठवलंत आणि लगेच... कुणाचंही असंच झालं असतं!"

"झालं असतं खरं," बाई म्हणाल्या. त्यांनी आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि हातात चहाचा कप दिला. "बस."

ती बसली. कप दोन्ही तळव्यांत धरून राहिली. बोटांत हळूहळू जीव आला. चहाही झकास होता, आल्याचा. मग कप ठेवून, कुणी न सांगताच, ती पुन्हा ओसरीवर गेली.

या वेळी तिला बराच वेळ लागला.

"आजींना घाम फुटलाय, ताप उतरेल आता," ती येऊन म्हणाली. "ते थट्टेखोर आजोबा अगदी मजेत आहेत. आणि कोपऱ्यातले ते... माझा हातच सोडीनात, बाई. त्यांना ताप नाही. सोबत हवी आहे."

हे सांगताना तिचा चेहरा खुलला होता. फार दिवसांनी तिला मेट्रन होण्याआधीच्या वॉर्डातल्या दिवसांसारखं वाटलं, आणि बरं वाटलं.

मग एकाएकी आठवण झाली. "पण बाई... त्या पोरीचं काय करू?"

बाईंनी तिचा उजवा हात हातात घेतला. उलटासुलटा करून पाहिला...

"मघाशी ह्याने धडधाकट माणसांना ताप ठरवला होता. काढून टाकायचा का गं?"