खरवडलेला नगारखाना

एका राज्यात एक नगारखाना होता आणि तो कुठल्याही राजाला दाद देत नसे. सकाळी रंग द्यावा, सांजेला पापुद्रे खाली. बरे, नुसता रंग गेला असता तर कोण रडले असते? रंग देणाराही जाई. कुंचल्यासकट भिंतीवर चित्र होऊन बसे. सहा राजांचे सहा रंगारी असे चिकटले होते, आणि सहावा होता म्हाळसाचा नवरा हैबती.

म्हाळसा गवंड्याची लेक. ती तडक दरबारात गेली. "महाराज, नगारखाना मी रंगवते."

"सातवे चित्र व्हायचे आहे?"

"झाले तर धन्याशेजारी होईन. पण होणार नाही."

राजाने विडा दिला.

नगारखान्याच्या कोनाड्यात एक साळुंकी राहात असे, भारी चोंबडी. म्हाळसाने तिलाच विचारले. ती म्हणाली, "आजवर कुणी मला विचारलेच नाही, बाई. हा बांधला एका मांत्रिक गवंड्याने. पहिल्या राजाने त्याचा रंग न काढताच वर दुसरा फासला. गवंडी संतापला. रंगावर रंग चढवील तो रंगच होईल, असा शाप दिला. तू काळडोहाच्या शिंपल्यांचा चुना आण. एकवीस दिवस भिजव. मग भिंत दगडापर्यंत खरवड."

काळडोहाच्या मगरीने विचारले, "चुना कुणासाठी?"

"भिंतीसाठी."

"इथे येतो तो राजासाठी मागतो," म्हणत मगरीने टोपली भरून दिली.

चुना भिजत पडला. अठराव्या दिवशी राजाचा हुजऱ्या आला. राज्याभिषेक तोंडावर आहे, आजच हात मारा म्हणाला. म्हाळसा म्हणाली, "महाराजांना सांगा, चुना हुकमाने मुरत नाही." हुजऱ्या हात हलवत परत गेला.

बाविसाव्या दिवशी तिने पटाशी घेतली. पाच रंगारी खरवडले. हैबतीपाशी मात्र हात थबकला. त्याच्या भुवईवरचा व्रणसुद्धा चित्रात जसाच्या तसा होता.

"एवढा थर ठेवलास तर सातवी तू," साळुंकी म्हणाली.

म्हाळसाला रडू कोसळले. पोटभर रडली, पदराने डोळे पुसले आणि कपाळापासून त्याला खरवडू लागली. काळा दगड उघडा पडला. काहीच घडले नाही. आपल्याच हातांनी धनी घालवला, असे तिला वाटले. तरी तिने कुंचला चुन्यात बुडवला, कारण भिंत अर्धी सोडायची रीत तिच्या बापाने शिकवली नव्हती.

पांढरा हात वरच्या कडेशी पोचला तसा नगारा आपोआप झडला. खालच्या भुकटीच्या ढिगातून सहा माणसे शिंकत उठली. त्यांतला म्हातारा विचारू लागला, सध्या राजा कोण?

हैबती अंग झटकत म्हणाला, "म्हाळसा, तू मला खरवडलेस?"

"खरवडले."

"मी खालचा थर काढला नव्हता. राजाची घाई होती."

"ठाऊक आहे," म्हाळसा म्हणाली, आणि भिजल्या हातांनीच तिने त्याचे तोंड पुसले. त्या सांजेला रंग गळला नाही. राजाचा अभिषेक तीन दिवस उशिरा झाला, आणि राजाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.