अर्धी कुटलेली मूठ

मांचू मुलखातल्या त्या तळ्याचा उत्तरेकडचा काठ कोणी कापत नाही. बाकी तिन्ही काठांचं गवत थंडीआधी कापतात, मोगरीनं कुटून कापसासारखं मऊ करतात आणि कातडी बुटांत भरतात. उत्तरेचं मात्र उभ्याउभ्याच वाळतं. पाहुण्यांनी कारण विचारलं की नावेवरचा म्हातारा वल्ही आत घेतो आणि सांगू लागतो.

खान तेव्हा खान नव्हता म्हणे. दहा घोडी आणि एक गळकं घर, एवढंच त्याचं राज्य. तेव्हा त्यानं या काठावरच्या इल्हाशी लग्न केलं. रोज पहाटे ती त्याच्या बुटांत गवत भरायची. पुढे तो लढाया जिंकत गेला, मोठ्या घरांतल्या राण्या आल्या आणि इल्हा मागच्या दालनात गेली. त्यातच तिचं माहेर खानावर उलटलं. हुकूम सुटला, की त्या कुळाचं माणूस वेशीच्या आत दिसता कामा नये.

इल्हा अंथरुणाला खिळल्याची बातमी धाकट्या भावाला, यारगाला लागली. आईमागं तिनंच त्याला वाढवलेलं. लहानपणी तो गवत कुटायला बसला की अर्ध्यात मोगरी टाकून पळायचा. ती म्हणायची, "अर्धवटा, तुझी बायको अनवाणीच फिरणार."

बातमी ऐकताच त्यानं उत्तरेच्या काठावरचं गवत कापलं, मोगरीचे चार घाव घातले न घातले आणि निघाला. नऊ दिवस बर्फातून.

वेशीवर पहारेकऱ्यानं अडवलं. यारगा म्हणाला, "मला नको सोडू. गवत तर सोड. गवताला कुठलं आलंय कूळ?" पहारेकऱ्यानं त्याच्या फाटक्या पायताणांकडे पाहिलं आणि इल्हाच्या दाईला हाक मारली.

दाईनं ते गवत बुटांत भरलं आणि बूट इल्हाच्या गार पायांत चढवले. "टोचतंय," ती म्हणाली. दाई काढायला वाकली, तशी तिनं पाय ओढून घेतले. "राहू दे. माझा अर्धवट आलाय. त्याच्या पायांत काय आहे गं?"

दाईनं सांगितलं. तेव्हा इल्हा उठून बसली, असं सांगतात. उरलेलं गवत तिनं तळहातांनी चोळून चोळून मऊ केलं, जपून ठेवलेल्या खानाच्या जुन्या बुटांत भरलं आणि बाहेर पाठवलं.

यारगानं पाय घातले. आत ऊब होती. संध्याकाळी दालनातून रडणं ऐकू आलं, तसा तो वेशीवर धावून गेला. पहारेकऱ्यानं भाला टाकून त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

परत येऊन त्यानं तिच्या हातचं गवत उत्तरेच्या काठावर पसरलं आणि तिथं विळा लावू दिला नाही. वसंतात खान एकटाच आला. यारगाच्या पायांतले बूट त्यानं ओळखले. यारगा मरायच्या तयारीनं उभा राहिला. खान खाली बसला, स्वतःचे बूट काढून काठावर ठेवले आणि अनवाणी परत गेला. हुकूम त्याच दिवशी उठला म्हणे.

आजही इथली मुलगी सासरी निघाली की तिचे बूट भाऊच भरतो, आणि शेवटची मूठ अर्धीच कुटतो. ती अंगणाबाहेर पाऊल टाकते, टोचतं, आणि मागे वळून त्याला म्हणते, "अर्धवटा."