तोळाभर जास्त

विश्वास कुणावर ठेवावा? "माझं माप कधी चुकत नाही" म्हणणाऱ्यावर, की आपलंच माप पुन्हा काट्यावर घालणाऱ्यावर? आधी ऐका, मग सांगा.

एका कोळीवाड्यात घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई होती. दरसाल वादळाची खबर उशिरा यायची आणि दोन-चार होड्या परतायच्याच नाहीत. बाईने मनावर घेतलं. बाजारातले स्वस्त सुटे भाग जोडून तिने जेवणाच्या डब्याएवढा उपग्रह बांधला, वरून ढग बघून खबर देणारा. एका मोठ्या अग्निबाणात त्याला कोपऱ्यातली जागा मिळाली. अट एकच: वजन एक किलो, वर राईभरही नाही.

बाईने तोलून तेवढंच लिहून दिलं. निघताना गावाने वाजतगाजत पूजा केली.

अग्निबाणाच्या तळावर पोचल्यावर सवयीने बाईने पुन्हा काटा काढला. तोळाभर जास्त!

शेजारी रांगेत एक बडा कारखानदार होता. तो हसला. "अहो बाई, इथं तोलतंय कोण? लिहिलेलं धरतात. हत्तीच्या पाठीवर माशी ती!"

"माशी आली कुठून, ते तरी कळू दे."

"डबा उघडलात तर सगळी तपासणी पुन्हा. सूर्य मावळेपर्यंत नाही झाली, तर पुढची जागा दोन वर्षांनी!"

दोन वर्षं म्हणजे दोन पावसाळे. रिकामा किनारा बाईच्या डोळ्यांपुढे आला. तरी ती अधिकाऱ्यापुढे उभी राहिली. "साहेब, माझं लिहिलेलं वजन चुकलंय. खोडा ते."

डबा उघडला. बॅटरीशेजारी जुना चांदीचा रुपया!

बाईने गावी फोन लावला. म्हातारी तांडेलीण, म्हणजे होडीच्या नाखव्याची बायको, म्हणाली, "अगं, नवी होडी लोटताना नाणं ठेवतोच की आपण! पूजेच्या वेळी हळूच सरकवलं फटीतून."

"मावशे, वर कशालाच वजन नसतं. तुझा रुपया तरंगत तारांना टेकला असता, तर होडी जळलीच असती!"

"अगो बाय! मग परत आण हो माझा रुपया."

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा तपासणी संपून शेवटचा स्क्रू बसला. उपग्रह गेला. पुढच्या वादळाची खबर एक दिवस आधी आली आणि झाडून सगळ्या होड्या घरी परतल्या. आता तांडेलीण रुपया नाचवत पाहुण्यांना आभाळ दाखवते. "तो वर फिरतोय ना, तो आमचा डबा!"

तात्पर्य: जिथे आपल्या शब्दावर काम चालतं, तिथे आपणच दोनदा तोलावं. तेव्हा मंडळी, हिशेब तोळ्याचा असो की रुपयाचा, चोख ठेवा, एवढीच विनंती.