सात खड्यांची साळू

कोणत्या जंगलात वाघ प्रसिद्ध असतो, कोणत्या जंगलात सिंह. आपल्या गोष्टीतल्या जंगलात मात्र एक झाड प्रसिद्ध होते. नदीच्या काठी उभे असलेले ते जुने अर्जुनाचे झाड म्हणजे जंगलाचे सारे शहाणपण टांगून ठेवण्याची जागा. कोणाला नवे काही कळले, की त्याने ते पळसाच्या पानावर नखाने कोरायचे आणि झाडावर नेऊन अडकवायचे. फळांविषयीचे पान फळांच्या फांदीवर, वाऱ्याविषयीचे वाऱ्याच्या फांदीवर आणि मुळांविषयीचे सगळ्यात खालच्या, जराशा वाकड्या फांदीवर. मग ज्याला ते पान उपयोगी पडेल त्याने त्याच्याखाली एक खडा आणून ठेवायचा. 'हे मला तुझ्यामुळे कळलं, बरं का,' एवढाच त्या खड्याचा अर्थ.

त्या झाडाजवळच्या नाल्याच्या दरडीत एक साळू राहत असे. अंगभर काटे, पण बोलणे असे मऊ की सशाची पिल्लेसुद्धा तिला भीत नसत. झाडांची मुळे मातीखाली काय करतात, कुठे वळतात, कशाला धरून राहतात, हे पाहण्याचा तिला नाद होता. सहा वर्षे ती त्या दरडीत बसून होती आणि सहा वर्षांत तिने तीन पाने टांगली होती. हसू नका, मुलांनो. मूळ वर्षाला वीतभर सरकते. त्याच्या मागे जाणाऱ्याने घाई करायची तरी कशी?

फळांच्या फांदीवर एक पोपट होता, त्याचे मात्र रोज एक पान. सोमवारी 'जांभळे पिकू लागली', मंगळवारी 'जांभळे पिकली', बुधवारी 'पिकलेली जांभळे गोड लागतात'. आता फळे कोणाला नको असतात? हरणापासून अस्वलापर्यंत जो तो पान वाचून जांभळीकडे धावे आणि येताना खडा ठेवी. शिवाय पोपटाचे तीस शिष्य होते. ते गुरूच्या पानाखाली खडे ठेवत, गुरू शिष्यांच्या पानांखाली ठेवी, आणि उरलेल्या वेळात शिष्य एकमेकांच्या. अहो रूपम्, अहो ध्वनिः! तरी यात कोणाचे काही बिघडत नव्हते. बिघडले ते मोजणी सुरू झाल्यावर.

झाले असे, की पाण्याजवळच्या जागा थोड्या आणि मागणारे फार. जंगलाची कारभारीण होती थोरली हत्तीण. ती न्यायी होती, पण तिचे गुडघे धरले होते, त्यामुळे फांदीफांदीखाली उभे राहून पाने वाचणे तिला होईना. म्हणून गेला पावसाळा सरताच तिने खारीला मोजणीदार नेमले आणि नियम केला : ज्याच्या नावावर पन्नासपेक्षा कमी खडे असतील त्याने आपली जागा सोडायची.

मग काय विचारता! ज्याच्या त्याच्या डोक्यात एकच विषय, खडे. नदीपात्रातले चांगले खडे आठवड्याभरात संपले. पलीकडच्या टेकडीवर पुष्कळ होते, पण एवढ्या लांब जातो कोण? अर्जुनाच्या बुंध्याशी, नदीच्या बाजूला, हवे तेवढे खडे मातीत रुतलेले होते. ते उकरायचे, पोपटाच्या पानाखाली टाकायचे, म्हणजे तोही आपल्या पानाखाली टाकील, आणि मोकळे व्हायचे, असे सगळ्यांनी सुरू केले.

वैशाखात सभा भरली. खार उंच दगडावर चढली आणि शेपटी झटकून यादी वाचू लागली.

"पोपट. पाने दोनशे चाळीस, खडे नऊशे सहा."

फांद्यांवरून वाहवा झाली. पोपटाने मान खाली घातली, पण ती वाहवा नीट ऐकू यावी इतपतच.

"साळू," खारीने पुढचे नाव वाचले. "पाने तीन. खडे," ती जरा थांबली, कारण आपले चुकले असे तिलाच वाटले, "खडे सात."

सभेत असा हशा पिकला की माकडाच्या हातातली शेंग पडली. साळूलाही लोकांबरोबर थोडे हसावे लागले. पण आत तिला फार वाईट वाटले. सहा वर्षांत तिला कधी आपले काम थोडे आहे असे वाटले नव्हते, आणि आज सात हा आकडा ऐकून तिची तिलाच लाज वाटू लागली.

"साळूताई, राग मानू नका," पोपट म्हणाला, "पण ती दरड मोकळी होतेच आहे, तर माझ्या शिष्यांना बसायला बरी पडेल. थंडगार जागा आहे."

दरड गेली तर सहा वर्षे ज्यांच्यावर नजर ठेवली ती मुळेही गेली. दुसऱ्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करायला तिचे वय राहिले नव्हते.

"नियम आहे, तो मी मोडणार नाही," ती हत्तिणीला म्हणाली. "पण थोरल्या बाई, मला घालवण्याआधी माझं शेवटचं पान कोणीतरी एकदा वाचावं. गेल्या हिवाळ्यापासून टांगलंय."

"त्याच्याखाली तर एकही खडा नाही," खार लगेच म्हणाली.

"म्हणूनच म्हणते, वाचा."

"वाचणं आमच्या कामात बसत नाही, साळूताई," खार म्हणाली, आणि ती काही उद्धटपणे बोलली नाही, तिला खरोखरच तसे वाटत होते. "आम्ही फक्त मोजतो."

हत्तीण कण्हत उठली, वाकड्या फांदीपर्यंत गेली, सोंडेने पान डोळ्यांजवळ धरले आणि मोठ्याने वाचू लागली. "या अर्जुनाची मुळे नुसत्या मातीला धरून नाहीत. नदीच्या बाजूला ती खड्यांमध्ये गुंतलेली आहेत आणि झाडाचा भार त्या खड्यांवर आहे. तिथले खडे कोणी हलवू नयेत. एक मोठे मूळ आताच उघडे पडले आहे. असेच चालू राहिले तर येत्या पुरात झाड नदीत जाईल."

मग एकेकाची मान नदीच्या बाजूला वळली. बुंध्याखाली हरीण आडवे झोपू शकेल एवढी मोठी पोकळी झाली होती आणि तिच्यात चार जाड मुळे हवेत लोंबत होती. हत्तिणीने खात्री करावी म्हणून बुंध्याला सोंड लावून जरासे ढकलले. तर एवढे मोठे झाड कुरकुरले आणि फळांच्या फांदीवरून 'जांभळे पिकली' हे पान गळून नेमके पोपटाच्या डोक्यावर पडले.

"अरे देवा," पोपट पुटपुटला. त्याची सगळी विद्वत्ता त्याच झाडावर टांगलेली होती.

"साळू, आता काय करायचं ते तू सांग," हत्तीण म्हणाली.

साळूला हुकूम सोडायची सवय नव्हती. तिने नुसते सांगितले, "जिथले आहेत तिथे परत ठेवायचे. मोठे तळाशी, बारीक वर, मधे ओली माती. मुळाला धक्का लावायचा नाही."

त्या दिवशी सारे जंगल झाडाच्या पायाशी राबले. रानडुकराने माती आणली, माकडांनी रांग लावली, आणि पोपटाचे नऊशे सहा खडे सगळ्यात आधी त्या पोकळीत गेले. तीस शिष्य एकेक खडा चोचीत धरून उडत होते आणि पोपट वरून ओरडत होता, "मोठे तळाशी रे, मोठे तळाशी!" साळू पोकळीत बसून प्रत्येक मूळ जागेवर बसवत होती. दुपार टळली तेव्हा हत्तिणीने पुन्हा ढकलून पाहिले. झाड हलले नाही.

मग खार हळूच पुढे आली. तिचा चेहरा पडला होता. "थोरल्या बाई, मी एकही खडा चुकीचा मोजला नव्हता."

"ठाऊक आहे मला," हत्तीण म्हणाली. "नियम माझा होता, चूकही माझी. आता एक सांग, या जंगलात फळं खाणारे किती?"

"सगळेच."

"आणि मुळांचा अभ्यास करणारे?"

खारीने बोटांवर मोजले. "साळू, रानडुक्कर, घूस आणि पलीकडचं अस्वल. चौघं."

"त्यातली साळू सोड. मग उरले तिघं आणि खडे सात. मुळांच्या फांदीवर दुसऱ्या कोणाला सात मिळालेत का?"

खारीने यादी वरून खाली वाचली, पुन्हा खालून वर वाचली. "नाही. रानडुकराला दोन. बाकीच्यांना एकेक."

हत्तिणीने पन्नास खड्यांचा नियम तिथल्या तिथे रद्द केला. दरड साळूकडेच राहिली. पुढच्या सभेपासून खार फांदीफांदीची मोजणी वेगळी करू लागली, आणि मोजण्याआधी पान वाचू लागली. त्यामुळे तिला फार वेळ लागे. पण ती आता पहिल्यापेक्षा पुष्कळ शहाणी दिसे.

त्या दिवशी सभा उठली तरी पोपट मागे घोटाळत राहिला. दूरच्या टेकडीवर जाऊन त्याने एक गुळगुळीत खडा आणला होता. तो चोचीतून खाली ठेवून तो म्हणाला, "साळूताई, तुमचं पान मला उपयोगी पडलं. हा खडा त्याच्याखाली ठेवतो."

साळूला इतका आनंद झाला की तिचे काटे सळसळले. तिने खड्याकडे पाहिले, मग झाडाकडे पाहिले.

"पानाखाली नको, पोपटराव," ती म्हणाली. "ते तिसरं मूळ अजून थोडं उघडं आहे. तिथे ठेवा."

तात्पर्य : कोणाच्या नावावर किती खडे आहेत हे मोजण्याआधी त्याचे पान वाचावे, आणि मोजायचेच झाले, तर मुळांची तुलना मुळांशी करावी, जांभळांशी करू नये.