सात पिढ्यांची वंशावळ

श्वानमहर्षी ही पदवी अप्पासाहेब जगदाळ्यांना कुणी दिली, हे विचारायची सोय नव्हती. पाटी त्यांनीच रंगवून घेतली होती. विकायच्या पिल्लांची सात पिढ्यांची वंशावळही त्यांनी चौकटीत लावली होती. निवृत्त एसटी कंडक्टर मालनबाई खरातांनी ती निमूटपणे वाचली. असंच कागद बघून घेतलेलं त्यांचं आधीचं पिल्लू आठ दिवसांत दगावलं होतं.

“आणि यांची आई?” त्यांनी विचारलं.

“मागच्या खोलीत झोपलीय. पिल्लं इथंच जन्मली. जगदाळ्याच्या शब्दावर शंका घ्यायची नसते, बाई!”

“छे हो, एवढ्या मोठ्या माणसावर शंका कशी घेईन? पिल्लू भुकेलंय, एवढंच म्हणते. खाली सोडा, जाईल आईकडे.”

चार गिऱ्हाईकं बघत होती. अप्पासाहेबांनी ऐटीत पिल्लू सोडलं. त्यानं मागच्या खोलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते तडक फाटकाशी उभ्या असलेल्या टेम्पोपाशी गेलं आणि त्यातल्या रिकाम्या टोपलीकडे बघत कुईकुई करू लागलं.

“भेटली हो आई!” मालनबाई म्हणाल्या. “चाकं चार आहेत आणि नंबर परराज्यातला. वंशावळीत तेवढं लिहून घ्या.”