फुगडीचं टाकं

फार फार मागची गोष्ट. तेव्हा या डोंगरांत गाडीवाट नव्हती, आणि एका गावातली हाक दुसऱ्या गावात ऐकू जायची. ओढ्याच्या एका अंगाला उंबरदरा होतं, दुसऱ्या अंगाला धामणखोरी. उंबरदऱ्यात ठकूबाई नावाची एक बाई राहत होती. ती वैदू नव्हती, सुईण नव्हती, तिच्या अंगात कुठलं वारंही येत नव्हतं. तिला फक्त फुगडी घालता यायची. पण कशी घालता यायची! ती गिरक्या घ्यायला लागली की अंगणातली कोंबडी दाणे टिपायचं विसरून एका पायावर उभी राहायची, असं म्हणतात.

बाकीच्या बायका फुगडी घालायच्या पंचमीला आणि गौरीला. ठकूबाईला सण लागायचा नाही. चुलीवर भात रटरटायला लागला की ती सासूला म्हणायची, "आत्याबाई, भात शिजंस्तोवर एक घेऊ या का?"

"जळ्ळी तुझी फुगडी," सासू म्हणायची, आणि पदर खोचून हात पुढे करायची.

शेणी थापून झाल्या की हात धुऊन एक फुगडी. भांगलणीला दुपारची भाकरी खाल्ली की बांधावर एक फुगडी. एकदा घरात कुणीच नव्हतं, तेव्हा तिने नवऱ्याला, महादूला उभं केलं. महादू नको नको म्हणत फिरला आणि त्याचं पागोटं जे उडालं ते शेजारच्या वाडीत काकडीच्या मांडवावर सापडलं, असं म्हणतात.

पोरी तिच्याकडे शिकायला यायच्या. ती त्यांना एकच गोष्ट सांगायची. "फिरताना भुईकडं बघायचं न्हाई, आभाळाकडं बघायचं न्हाई. समोरचीच्या तोंडाकडं बघायचं. घर फिरतं, झाड फिरतं, सगळं जग फिरतं. तेवढं एक तोंड फिरत न्हाई. त्याच्यावर नजर ठेवली की भोवळ यायची न्हाई."

अशी तिची वर्षं गेली. सासू गेली, सून आली, केस पांढरे झाले, गावातल्या थोरापोरांची ती ठकूकाकी झाली. फुगडी काही सुटली नाही.

मग एक साल असं आलं की पाऊस अर्ध्यातूनच परत गेला. होळी झाली तोवर विहिरींच्या तळाला चिखल उरला. ओढा आटला. फक्त एका जागी, बरोबर दोन्ही गावांच्या हद्दीवर, खडकाच्या फटीतून पाण्याची एक धार यायची. करंगळीएवढी धार. तिच्याखाली घागर लावली की भरेपर्यंत बाईला माहेरची सगळी माणसं आठवून व्हायची.

धार एक आणि गावं दोन. रांगेवरून बायकांची तोंडं सुरू झाली, मग पुरुषांच्या काठ्या आल्या. दोन्हीकडे एकेक डोकं फुटलं. शेवटी दोन्ही पाटलांनी ठरवलं की धार कुठल्या तरी एका गावाचीच करायची. पण ठरवायची कशी? कुस्ती लावली, तर दोन्हीकडचे पैलवान एकाच तालमीतले आणि नात्याने साडू. ते एकमेकांच्या अंगाला माती चोळत बसले. सूर्य मावळला, पाठ कुणाचीच लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हद्दीवर बैठक बसली. ओरडाओरडी चालली होती. बायका घागरी घेऊन ताटकळत उभ्या होत्या. ठकूबाईने आपली घागर बाजूला ठेवली, शेजारणीचे हात धरले आणि वेळ जावा म्हणून फुगडी धरली.

उंबरदऱ्याचे पाटील भडकले. "ठकूवैनी! हितं आणिक डोकी फुटायची वेळ आली, आन् तुमी फुगडी घालताय? चैतात कुठं फुगडी असती व्हय?"

"मग तुमी घाला की, पाटील," ठकूबाई फिरता फिरता म्हणाली. "डोकी तरी फुटायची न्हाईत."

सगळे हसले. ते हसू धामणखोरीच्या पाटलांना झोंबलं. त्यांनी मिशीवर हात फिरवला. "फुगडीचं आमाला सांगू नका. आमच्या साळूनं हात धरला ना, तर ही म्हातारी वड्याच्या पल्याड जाऊन पडंल."

"कोण पडतंय ते बघूच!" उंबरदऱ्याचे पाटील उठून उभे राहिले. "व्हऊन जाऊ दे! जी पडंल तिच्या गावानं धार सोडायची."

"सोडायची!"

अशी पैज लागली. कालपर्यंत जे पुरुष फुगडीला हसत होते त्यांनीच गावाचं पाणी फुगडीवर लावलं. मिशा पिळत ते घरी गेले. आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं ते एकट्या ठकूबाईच्या. घरी आली तेव्हा ती दारातच टेकली.

"काय झालं?" महादूने विचारलं. "घाबरलीस व्हय?"

"घाबरले न्हाई. अवो, फुगडी जिंकायची कशी असती?"

महादूने डोकं खाजवलं. "तूच सांग. जलमभर तूच घालतीयास."

"आजवर कधी जिंकले न्हाई मी. हरलेबी न्हाई. दम लागला की दोघी हसत खाली बसतो, झाली फुगडी. तिच्यात जिंकायचं काय असतं?"

पण गावाला ते ठाऊक होतं. ज्याला त्याला ठाऊक होतं. पाटील स्वतः दारात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सोपं हाय, वैनी. जोरात दोन गिरक्या द्यायच्या आन् सोडायचा हात. पोरगी जाईल उडून. तुमी अंगानं भरलेल्या, तुमचा तोल ऱ्हाईल."

ठकूबाई उठून घरात गेली. आत सून नातवाचं तोंड ओल्या फडक्याने पुसत होती. अंघोळ बंद होऊन बरेच दिवस झाले होते. गोठ्यातली गाय रिकाम्या घमेल्याला जीभ लावत होती. धार गेली तर नदी उरली, आणि नदी दोन डोंगर पलीकडे. त्या उन्हात डोक्यावर घागर घेऊन सून कितीदा जाईल आणि किती दिवस जाईल? ठकूबाईने फडकं सुनेच्या हातातून घेतलं, वाळत घातलं आणि मनाशी म्हणाली, सोडायचा हात.

पैजेच्या दिवशी दोन्ही गावं हद्दीवर लोटली. धारेजवळच्या सपाट जागेवर राखेची रेघ ओढली होती. रेघेच्या अलीकडे ठकूबाई, पलीकडे साळू. साळू वाऱ्यासारखी पोरगी, लग्न होऊन वरीस झालं असेल नसेल. ती पाया पडायला वाकली.

"आता पाया पडतीस आन् मग पाडतीस व्हय गं?" ठकूबाई म्हणाली.

"तुमी पडू नका म्हंजे झालं, काकी."

दोघींनी कासोटे घातले. हाताची कैची करून एकमेकींचे हात धरले. चवडे चवड्यांना भिडवले आणि मागे रेलल्या. ढोलावर टिपरी पडली.

पहिल्या गिरक्या सावकाश झाल्या. मग पावलं अशी चालायला लागली की वेगळी दिसेनात. ठकूबाईने उखाणा टाकला,

"उंबरदऱ्याचं उंबर पिकलं, पिकलं गोड गोड,
जिनं धरला हात माजा, तिला न्हाई तोड!"

उंबरदऱ्याने आरोळी ठोकली. साळूनेही मान उडवून उत्तर दिलं,

"धामणखोरीची वाट बाई वळणावळणाची,
म्हातारीच्या पायाला घाई गं कशाची!"

आता दोन्ही गावं हसली. धूळ उठली. एकीचं लुगडं निळं, दुसरीचं तांबडं. फिरता फिरता दोन्ही रंग एक झाले, आणि लांबून बघणाऱ्याला तिथे जांभळाच्या रंगाचा भोवरा उभा असल्यासारखं दिसलं, असं म्हणतात. माथ्यावरचा सूर्य बघायला थांबला. बसलेल्या म्हशी रवंथ सोडून माना वर करून उभ्या राहिल्या.

ठकूबाई तिच्या सवयीने समोरच्या तोंडाकडे बघत होती. पाटील फिरत होते, महादू फिरत होता, सून, नातू, डोंगर, सगळं फिरत होतं. तेवढं साळूचं तोंड जागेवर होतं. ठकूबाईला दिसलं की त्या तोंडावरचे ओठ फुटलेत. डोळ्यांखाली काळं धरलंय. कपाळाच्या वर चुंबळीने केस झिजलेत, तिच्या सुनेचे झिजलेत तसेच.

तेवढ्यात साळूचा पाय खड्यावर पडला. तिची टाच निसटली. सगळा भार ठकूबाईच्या दोन हातांवर आला.

"सोड!" उंबरदरा ओरडलं. "काकी, सोड हात!"

पाटील ओरडले, पैलवान ओरडला, ढोल वाजवणारा ढोल विसरून ओरडला. ठकूबाईला घमेलं चाटणारी गाय आठवली. बोटं नुसती सैल करायची होती. तिने मनाने ती सैलही केली. पण हातांनी मनाचं ऐकलं नाही. त्या हातांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं. त्यांनी साळूची मनगटं गच्च धरली, तिला उचलून पावलावर आणलं आणि फुगडी होती तशी चालू राहिली.

साळूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"का गं काकी? सोडलं का न्हाईस?"

"हात सोडून फुगडी घालता येती व्हय गं, येडे?"

साळू आधी रडली आणि मग हसत सुटली. हसू ठकूबाईलाही आलं. फुगडीत हसू आलं की पायातलं बळ जातं. ठकूबाईची पावलं मंदावली, छातीचा भाता झाला. आता धामणखोरीच्या पाटलांनी आरोळी दिली, "सोड गं साळू! म्हातारी थकली, सोड!"

साळूने तिकडे बघितलंही नाही. तिची नजर ठकूबाईच्या तोंडावर होती. तिने दात आवळले, अंग मागे टाकलं आणि म्हातारीचा भार आपल्या खांद्यांवर तोलून धरला. ठकूबाईचा दम परत येईपर्यंत ती एकटी दोघींची फुगडी फिरवत होती.

"सोड!" इकडचे ओरडत.

"सोड!" तिकडचे ओरडत.

आणि दोघीही सोडीनात. तेव्हा कुठे दोन्ही पाटलांना उमगलं की आपण पैज कशावर लावली. एक पडली तर दुसरी उभी राहणार नव्हती, आणि दुसरी उभी होती तोवर पहिली पडणार नव्हती. धामणखोरीच्या पाटलांनी उंबरदऱ्याच्या पाटलांकडे बघितलं. "पाटील, ह्याचा निकाल कवा लागायचा हो?"

"मला काय इचारता? साळूचं नाव तुमीच काढलंत की!"

काठावरच्या बायकांना आता दम निघेना. एकीने घागर खाली ठेवली, जो हात जवळ होता तो धरला. मग दुसरीने. मग सगळ्यांनी. रेघ कुणी बघितली नाही, त्या पावलांखाली राख कधीच उडून गेली होती. उंबरदऱ्याची धामणखोरीशी, सासू सुनेशी, डोकं फुटलेल्याची बायको डोकं फोडणाऱ्याच्या बायकोशी. ओढ्याचं सगळं वाळवंट गरगर फिरायला लागलं. डोंगराला त्या फुगड्यांचा आवाज लागला आणि डोंगर फू फू करून साद द्यायला लागला, असं म्हणतात.

मधोमध ठकूबाई आणि साळू फिरतच होत्या. त्यांच्या टाचांखालची माती उडाली, मग मुरूम उडाला, मग खडक लागला. खडकही जात्याच्या दगडासारखा झिजायला लागला. दोघी घोट्याइतक्या खाली गेल्या. गुडघ्याइतक्या गेल्या. त्या हळूहळू भुईत उतरतायत आणि नुसत्या हसतायत, हे बघून महादू धावत पुढे आला.

"ठके, पुरं कर! पाताळात जातीस व्हय?"

तेवढ्यात टाचेखाली काही तरी गार लागलं. ठकूबाईने आयुष्यात पहिल्यांदा फुगडीत खाली बघितलं. खडकाला चीर गेली होती आणि चिरेतून पाणी उसळत होतं. करंगळीएवढं नाही, मांडीएवढं. पाणी पोटऱ्यांना लागलं, कमरेला लागलं, आणि पाण्यात गिरकी घेतल्यावर जो फवारा उडाला तो दोन्ही पाटलांच्या मिशांवर बसला. मिशा खाली लोंबल्या. दोन्ही पाटील एकमेकांकडे बघून असे हसले की त्यांना धरून बसवावं लागलं.

त्या दिवशी तिथे कुणी घागर भरायची घाई केली नाही. ठकूबाईच्या सुनेने बाळाला काठावर बसवून न्हाऊ घातलं, आणि ते हात आपटून सगळ्यांना भिजवत राहिलं. म्हशी येऊन पाण्यात बसल्या. दोन्ही गावं नखशिखांत ओली होऊन, गाणी म्हणत घरी गेली. पुढे ठकूबाई कितीतरी वर्षं जगली, आणि शेवटच्या दिवशीही ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि येईल त्याला म्हणत होती, "एक घेऊ या का?"

खडकात झिजून झालेलं ते टाकं अजून आहे. रांजणाच्या तोंडासारखं गोल, आणि कुठल्याही उन्हाळ्यात त्याचा तळ कुणाला दिसलेला नाही. दोन्ही गावांत नवी सून आली की पहिली घागर भरायच्या आधी ती टाक्याच्या काठावर पलीकडच्या गावच्या बाईशी फुगडी घालते. बाई ओळखीची नसली तरी चालते. आणि ज्या दोघांचं बांधावरून, पाण्यावरून, भिंतीवरून वाजतं, त्यांना पंच आधी टाक्यावर नेतात. भांडण काय ते नंतर ऐकतात. तिथे हाताची कैची करून दोघांना फिरावं लागतं, मग ती जावा-जावा असोत नाहीतर भाऊ-भाऊ.

अलीकडेच दोन्ही गावांच्या सरपंचांचं नळाच्या पाइपावरून बिनसलं होतं. एकाला चष्मा, दुसऱ्याचे गुडघे दुखरे. दोघांनीही खूप कारणं सांगितली. बायकांनी एकही ऐकलं नाही. त्यांनी चष्मा काढून घेतला, चपला काढायला लावल्या आणि दोघांना टाक्याच्या काठावर उभं केलं. आधी ते लाजले, मग चिडले, मग फिरायला लागले, आणि तिसऱ्या गिरकीला एकाचं धोतर सुटलं तरी दुसऱ्याने हात सोडला नाही. खाली बसले तेव्हा दोघांनाही हसण्याने बोलता येत नव्हतं.

त्या दिवशी टाक्याचं पाणी काठापर्यंत आलं होतं, असं म्हणतात.