काथ्याचा बोळा

“माशांची पेटी किती वेळा धुतलीस म्हणतोस?”

“रोज, चाचा. सकाळी एकदा. पाणी जरा गढूळ वाटलं तर संध्याकाळी पुन्हा.”

“साबणानं?”

“साबणानं, मग गरम पाण्यानं. आतल्या फिल्टरचा स्पंजसुद्धा काढतो. नळाखाली धरून पिळतो, पार पांढरा होईपर्यंत. आता तुम्हीच सांगा, आणखी काय करायचं माणसानं?”

दर्ग्याच्या हौदाच्या काठावर बसून म्हातारे दस्तगीरचाचा मुजावर गुडघ्याला तेल चोळत राहिले.

नेमगोंडा चौगुल्यांचं डोकं तापलं. या वयात टेकडी चढून आलेला माणूस, छातीशी लोणच्याची बरणी धरलेली. बरणीत एक सोनेरी मासा. सहा आणले होते, उरला एक. तोही वर येऊन आ वासत होता.

पेटी घेतली ती बायकोसाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून पद्माक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. जेव म्हटलं तरी भिंत, बोल म्हटलं तरी भिंत. मग मुलीनं ती काचेची पेटी खाटेशेजारी मांडली, मासे सोडले, आणि तिसऱ्या दिवशी बाई कूस बदलून इकडं वळली.

तेव्हापासून मासे मरायला लागले.

मुंगीलाही वाट देणारं जैनाचं घर. एकेका माशामागं नेमगोंडांनी एकेक उपास धरला. पाच उपास झाले, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, पण माशांना त्याचं काय! काल पद्माक्का म्हणाली, “हा गेला की ती पेटी उचला हो. मला दिसायला नको.”

“चाचा, मी काय विचारतोय?”

“नेमा, तू नोकरी कुठं केलीस रं?”

“तुम्हाला माहीत नाही? नगरपालिकेत, पाणीपुरवठ्याला. एकतीस वर्षं. अख्ख्या गावाला स्वच्छ पाणी पाजलंय या हातांनी. पाण्यातलं मला कुणी शिकवायला नको.”

“मग आलास कशाला?”

…

चाचांनी बरणी ओढून घेतली. झाकण काढून नाक घातलं.

“लोणच्याचा वास न्हाई.”

“दहा वेळा धुतली.”

“तुझ्या नळाच्या टाकीतल्या पावडरीचा येतोय.”

“येणारच! नळाचं पाणी आहे. जंतू मारायला नकोत? एक जंतू शिल्लक ठेवत नाही मी.”

“ते दिसतंयच.”

नेमगोंडांनी हौदाकडं बघितलं. हिरवंगार पाणी. तळाला कुजकी पानं, दगडांवर बोटभर शेवाळ. आणि त्या घाणीत हातभर लांबीचे मासे, कुणाच्या बापाची भीती नसल्यासारखे हिंडत होते. बघून माणसाचा जीव जळावा!

“हा हौद कधी धुतला होता?”

“माझ्या बापानं. एकदाच.”

“मग?”

“मासं मेलं सगळं. इथंच बसून रडला म्हातारा. फिरून न्हाई धुतला.”

“मग माशांची घाण? ती कोण काढतं?”

“मी तर काढत न्हाई.”

“चाचा, कोडी घालू नका हो! पाया पडतो. ती तिकडं पडलीय, आज ना उद्या पुन्हा भिंतीकडं वळेल, आणि तुम्ही इथं मला…” नेमगोंडांचा आवाज चिरकला. एकतीस वर्षं गावावर ओरडलेला आवाज, पण चिरकला.

चाचा तेलाचा हात पायाला पुसत म्हणाले, “जिनावैनी पाणी कशी भरायची, आठवतं?”

“आईचं काय आता मधेच?”

“आपल्या गल्लीतल्या विहिरीवर. आठवतं का न्हाई?”

“न आठवायला काय झालं? घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं. गाळल्याशिवाय थेंब घेत नव्हती.”

“आन ते गाळणं? मोरीत झटकायची?”

“छे! मोरीत कसं? उलटं करून चरवीत धुवायची. ती चरवी दोरानं परत विहिरीत सोडायची.”

“वरनं का ओतत नव्हती? आम्ही पोरं हसायचो तिला.”

“वरून ओतलं तर त्यांना लागेल म्हणायची. पार पाण्याला टेकवायची, मग कलंडायची.”

“कुणाला लागंल?”

“जिवांना. गाळण्यात बारीक जीव राहतात. ज्या पाण्यातले, त्या पाण्यात…”



…

नेमगोंडा आपल्या हातांकडं बघत राहिले. साबणानं बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

चाचा गुडघे धरत, कुणाला तरी शिव्या घालत उठले. झऱ्याचं पाणी हौदात पडतं त्या तोंडाशी काथ्याचा एक बोळा कोंबलेला होता. काळा, बुळबुळीत, वर्षानुवर्षांचा. त्यातला अर्धा त्यांनी टराटरा तोडला आणि सरळ बरणीत टाकला.

बरणीतलं पाणी चहासारखं झालं.

“अहो! अहो चाचा! घाण ती!”

“घरी जाऊन पेटीत ठेव. साबण उचलून दुसऱ्या खोलीत टाक. खाणं चिमटीभर, तेबी एक दिवसाआड. पाणी बदलायचंच तर चार तांबे, आदल्या दिवशी उघडं भरून ठेवलेलं. आन स्पंज नळाखाली धरलास तर हिकडं परत येऊ नकोस.”

“आणि घाण कोण…”

“बोळ्यात हायत ते काढतील. ऊठ आता. ऊन चढतंय.”

नेमगोंडांनी बरणी उचलली. मासा बोळ्याच्या आडोशाला जाऊन बसला होता. चार पायऱ्या उतरले, थांबले. बरणी डोळ्यांसमोर धरून उन्हात फिरवून बघितली. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं.

“चाचा… यात तर काहीच दिसत नाही.”

म्हाताऱ्यानं मान वळवलीसुद्धा नाही.

“तुझ्या आईला तरी कुठं दिसत होतं?”